आमचा सण दुसऱ्या दिवशी

आमच्या घरी सण दुसऱ्या दिवशी येतो.

दसऱ्याला अमरावतीत कितीतरी दारांवर आमच्या मळ्यातला झेंडू असतो. आमचं दार मात्र त्या दिवशी बोडकं. घरातले सगळे पहाटेपासून बाजारात. कोणी हार ओवतं, कोणी तोलून देतं, कोणी गिऱ्हाइकाशी घासाघीस करतं. दुसऱ्या दिवशी क्रेटच्या बुडाशी राहिलेली, पाकळ्या गळालेली फुलं घेऊन मी आमच्या दाराचं तोरण करते आणि मग चुलीवर पुरण चढतं. दिवाळीचंही तसंच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "फुलवाल्याचा देव समजदार असते. एक दिवस थांबते."

लग्न होऊन अमरावतीजवळ वलगावला आले तेव्हापासून मीही समजदार झाले. थांबायला शिकले.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या मागे सरकते. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून हे जमतं आहे. माझी मोठी बहीण विमलताई म्हणते, एखाद्या बाईच्या कामी येईल. आलं तर बरंच. नाही आलं तरी मनात साचलेलं कुठेतरी ठेवून दिल्यासारखं होईल.

*

माझं माहेर हिवरखेड. आमच्या गावातून उत्तरेला सातपुडा निळा दिसतो. लहानपणीची माझी सगळी आठवण एका महिन्यात मावते, तो महिना भुलाबाईचा.

भादव्याच्या पुनवेला आमच्याकडे भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. ज्वारीच्या हिरव्या धांड्यांचा मखर करायचा, त्यात मातीची भुलाबाई आणि भुलोजी मांडायचे. रोज संध्याकाळी गावातल्या पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची बाई खाऊचा डबा आणते, झाकण घट्ट लावलेला. ती डबा हलवते आणि पोरींनी आवाजावरून खाऊ ओळखायचा. ओळखला की डबा उघडतो, खाऊ वाटला जातो आणि पोरी पुढच्या घरी पळतात.

मला आवाजावरून नेमकं कळायचं. फुटाणे पत्र्यावर गारा पडल्यासारखे वाजतात. लाह्या नुसत्या सरकतात. लाडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला गडगडत जातो. पण सगळ्यांसमोर ओरडायची मला लाज वाटायची. मी ताईच्या कानात सांगायची आणि ताई ओरडायची. सगळी आळी म्हणायची, विमल लय हुशार पोट्टी.

मायला खरं ठाऊक होतं. आमच्या घरची पाळी आली की ती डबा हलवताना ताईकडे पाहायचीच नाही, माझ्याकडे पाहायची. "तू बोल ना वं सुमे. तुहा आवाज कुठी ठेवला?"

मी ताईच्या मागे लपायची.

लग्नानंतर मी भुलाबाईला माहेरी गेले नाही. एकदाही नाही. कोणी अडवलं असं नाही. तो महिनाच आमचा हंगामाचा. गणपती गेले की नवरात्र, मग दसरा, मग दिवाळीच्या झेंडूची राखण. माय दरवर्षी निरोप पाठवायची, "यंदा येतं का?" मी दरवर्षी सांगायची, पुढल्या साली. आधी माय फोनवर बोलायची. मग तिला ऐकू येणं कमी झालं आणि तिने फोन धरणं सोडलं. पण भुलाबाई मांडणं सोडलं नाही. लेकी दोन्ही सासरी, तरी ती मखर करते, शेजारच्या पोरींना बोलावते. वहिनी सांगते, गाणी चालू असली की मायचं लक्ष दाराकडे असतं.

*

गाठ मला गणपतीच्या आधी लागली. अंघोळ करताना हाताला आली, डाव्या बाजूला, बोराएवढी. दुखत नव्हती. आमच्याकडे दुखत नाही त्याला आजार म्हणत नाहीत.

मी कोणाला सांगितलं नाही. एक तर अंगाच्या त्या जागेचं नाव घ्यायचीच लाज. दुसरं म्हणजे झेंडूला कळ्या धरल्या होत्या. मनात म्हटलं, दसरा होऊ दे. दसरा झाल्यावर म्हटलं, आता दिवाळीच्या तोंडावर कुठे. दिवाळीच्या तोड्यात क्रेट उचलताना काखेत ओढ बसली तेव्हा मी मटकन खाली बसले आणि आत्याबाईंनी पाहिलं. संध्याकाळी त्यांनी मला न्हाणीत नेऊन स्वतः हात लावून पाहिलं. बाहेर जाऊन ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एवढंच म्हणाल्या, "इले उद्या डाक्टरकडे नेजो. फुलं मी पाह्यतो."

हे वाचणाऱ्या एखाद्या बाईला मी एवढं नक्की सांगेन. गाठ सणासाठी थांबत नाही. ती आपल्यासारखी समजदार नसते.

*

ज्या दिवशी रिपोर्ट आला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अमरावतीच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाही बसायला सांगितलं. नाहीतर हे बाहेर थांबायचे. डॉक्टर भला माणूस होता, हळू बोलत होता. कॅन्सर हा शब्द त्याने सांभाळून, काचेचं भांडं ठेवावं तसा टेबलावर ठेवला. मी टेबलाकडेच पाहत राहिले.

ह्यांनी विचारलं, "मंग फुलं तोडाले कदी लागन ही?"

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा फाइलीत सरकवला. मला मात्र ह्यांचा राग आला नाही. ह्यांना आयुष्यात दुसरा कुठला प्रश्न विचारायची वेळच आली नव्हती. प्रश्न विचारताना खिशातल्या हार ओवायच्या दोऱ्याचा हे बोटांना वेढा घालत होते, इतका घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

बाहेर आलो. रोज आम्ही बाजार झाला की रिकामे क्रेट बांधून लगेच गावाची वाट धरतो. त्या दिवशी हे राजकमल चौकाकडे वळले, गाडी लावली आणि म्हणाले, "चाल, गिला वडा खाऊ."

मी म्हटलं, "इथं? रस्त्यावर?"

"काहून, रस्त्यावरचे लोकं लोकं नाहीत का?"

इतकी वर्षं अमरावतीला येऊन-जाऊन मी कधी असं उभं राहून खाल्लं नव्हतं. पदर तोंडाशी धरून मी एक घास घेतला. दही गार होतं, चटणी तिखट होती. वडा जिभेवर विरघळला. इतकं चवदार लागलं की मला रडू आलं. हे समजले तिखटाने पाणी आलं. म्हणाले, "साखर मागू का?"

मी मान हलवली. मनात एकच होतं. आपण हे आधी का नाही केलं? वाट तर रोजचीच होती.

*

ऑपरेशन आणि पुढची सलाइनं अकोल्याला करायची ठरली, कारण जठारपेठेत ताईचं घर. दोन खोल्या, एक गॅलरी. त्यांच्या घरात मी एक खाट अडवून बसले. भाऊजी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपू लागले. मला भयंकर संकोच वाटायचा. एक दिवस मी खाली झोपते म्हटलं तर भाऊजी म्हणाले, "बाई, मी सासरवाडीले कदी राह्यलो नाही, म्हणून सासरवाडीच इथी आली. चालू द्या."

ऑपरेशनचं मी लिहीत नाही. झोपवलं, उठवलं. उठल्यावर हात आपोआप डावीकडे गेला आणि तिथे पट्टी होती, दुसरं काही नव्हतं. मी तोंड भिंतीकडे केलं. ताईने विचारलं, "दुखून राहिलं का?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं. दुखत नव्हतं. पोकळ वाटत होतं.

सगळ्यात जड मला तपासणी जायची. डॉक्टर पुरुष. पट्टी सोडताना मी डोळे गच्च मिटून घ्यायची. मिटले म्हणून काही झाकलं जात नाही, हे मलाही कळत होतं. तिथल्या सिस्टरबाईंच्या ते ध्यानात आलं. त्यानंतर दर वेळी त्या माझ्या तोंडासमोर उभ्या राहून काहीबाही विचारायच्या, आज काय खाल्लं, तुमच्याकडे कोणती फुलं होतात. मी उत्तर देईपर्यंत पट्टी बांधून व्हायची. अशा माणसांना काय द्यावं? मी बरी झाल्यावर त्यांच्यासाठी शेवंतीची वेणी नेली, तर त्यांची बदली झाली होती.

सलाइनच्या दिवशी सकाळी आधी रक्त, मग वजन, मग खुर्चीचा नंबर. खोलीत ओळीने खुर्च्या. लाल रंगाचं औषध नळीतून उतरताना सगळ्या बाया दुसरीकडे पाहायच्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत बहुतेक वेळा अकोटच्या एक खाला असायच्या. डोक्याला ओढणी गच्च बांधलेली आणि हातात प्रत्येक वेळी नव्या बांगड्या. एका हातातल्या काढायला लागायच्या, तर त्या सगळ्या दुसऱ्या हातात चढवायच्या.

मी कोणाशी आपणहून बोलत नाही. त्यांनीच माझी नजर पकडली.

"क्या देख रही, बेटा? सुई हाथ में, सलाइन हाथ में. दिनभर हाथ ही देखते बैठना है, तो हाथ तो अच्छा दिखे."

मी हसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्या खोलीत मी हसले. खालांनी आपल्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या काढून माझ्या मनगटात सरकवल्या. "अगली बार पहन के आना. मैं देखूंगी."

पुढच्या वेळी मी घालून गेले. त्या खुर्चीत दुसरंच कोणी होतं. मी विचारलं तर कोणीतरी म्हणालं, तारीख बदलली असेल. मी तेच धरून ठेवलं आहे. अजूनही तपासणीला गेले की त्या खुर्चीकडे आधी पाहते.

*

तोंडाची चव गेली. पाणी लोखंडासारखं लागायचं. ताई दुपारी डबा घेऊन यायची आणि मी आधीच मान फिरवायची. एक दिवस ती खुर्चीपाशी आली, पिशवीतून डबा काढला, पदराखाली धरला आणि कानाशी आणून हलवला.

"ओळख."

"ताई, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. ओळख, नाहीतर हलवतच राहीन."

मी ऐकलं. सुक्कं, हलकं, बारीक. "मुरमुरे," मी म्हटलं, "अन् शेंगदाणे थोडे."

"शाबास. आता खाय."

खाल्ले. चव नव्हती, पण आवाज होता. तेव्हापासून ती दर सलाइनला तसंच करायची. चवीचं काम माझ्या कानांनी केलं. पण दर वेळी डबा हलला की मला ताईचा हात दिसायचाच नाही, मायचा दिसायचा. डोळ्यांपुढे धांड्यांचा मखर यायचा. मग मी आतल्या आत म्हणायची, देवा, मला फार नको. मायच्या हातचा डबा एकदा वाजू दे. एक भुलाबाई.

मायला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तिचं काळीज नाजूक झालेलं, वहिनीच म्हणाली, नका सांगू. वलगावला काम आहे, एवढंच तिला माहीत. ह्या लपवण्याने मला आजारापेक्षा जास्त त्रास दिला. मरणाचं भय वाटायचं तेही असंच वाटायचं, की आपण गेलो तर माय दाराकडे पाहतच राहील.

*

हे मला भेटायला बाजार आटोपून एसटीने अकोल्याला यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी खाटेवर उठून बसले, आणि ते जवळ येताच मला उलटी झाली.

त्यांच्या अंगाला झेंडूचा वास होता.

ज्या वासात माझी सगळी उमर गेली तोच माझ्या पोटाला सहन होईना. ह्यांचं तोंड उतरलं. दारातच उभे राहिले, आत येईनात, जाईनात. ताईने मग सगळं सांगितलं. औषधाने होतं असं, उग्र वास चालत नाही.

पुढच्या वेळी हे आले ते ओल्या केसांनी, भाऊजींचा शर्ट घालून. आधी भाऊजींकडे निरोप देऊन शर्ट मागवला होता, आणि स्टँडजवळ कुठल्याशा नळावर अंघोळ करून आले होते. थंडीचे दिवस. हुडहुडी भरली होती. शर्ट पोटावर बसत नव्हता, बटणं ताणली होती. खाटेपासून लांब उभे राहून म्हणाले, "आता येतो का वास?"

मी म्हटलं, "साबणाचा येते."

"थो चालते ना?"

"चालते. बसा."

हे बसले. आम्ही इतकी वर्षं फक्त फुलांबद्दलच बोलत आलो होतो. ह्यांनी खिशातून दोरा काढला, पाहिला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "घर लय शांत लागून राहिलं. तू बोलत नव्हतीच, तरी."

आयुष्यात कोणी मला असं काही म्हटलं नव्हतं.

घरी मागे आत्याबाई एकट्या राबत होत्या. त्यांची आणि ह्यांची भांडणं व्हायची ते मला नंतर कळलं. मजूर मिळत नाही, लग्नसराईचे हार अडले, चिडचिड व्हायची. माझ्यासाठी सगळे ओढाताण करत होते आणि मी गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरची भाजीची गाडी पाहत होते. आजारी माणसाला हेच फार बोचतं.

केस गेले ते मी ताईच्या हातून कापून घेतले. लांब वेणी होती माझी. तिच्यात मी कधी फूल माळलं नव्हतं. आमच्यात विकायचं फूल हुंगत नाहीत, डोक्यात तर घालतच नाहीत; देवाच्या आधी आपण नाही. ताईने वेणी हातात धरून विचारलं, "ठेवू का?" मी म्हटलं, "काय करायची?" पण तिने कागदात गुंडाळून ठेवली.

*

उन्हाळ्यात मशीनखाली किरणांचे शेक घेतले. अकोल्याचं ऊन, कूलर खरखर करणारा. शेक संपले आणि डॉक्टर म्हणाले, आता घरी जा, तपासणीला येत राहा. घरी आले तेव्हा मृगाची लावणी व्हायची होती. हळूहळू झेंडूचा वास सोसू लागला. मग आवडू लागला. डोक्यावर लव आली, मग आखूड कुरळे केस. माझे केस कुरळे कधीच नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, "नवे आणले का कुठून?"

भादव्याची पुनव आली. हिवरखेडला मायने भुलाबाई बसवली असं वहिनीने फोनवर सांगितलं. त्या दिवसापासून मी मनात मोजणी नाही केली, पण प्रत्येक संध्याकाळी कानात गाणी यायची. नवरात्र गेलं. दसरा गेला, दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला तोरण लागलं. कोजागिरी तोंडावर आली.

जेवताना मी ह्यांना म्हटलं, "मले हिवरखेडले जायचं हाय. कोजागिरीले."

हे ताटाकडे पाहत म्हणाले, "दिवाळीचा झेंडू ऐन भरात आला. पाणी कोण देईन, फवारा कोण मारीन? तुले तर वजन उचलणं नाही, खरं हाय. पण देखरेख तर पाहिजे. दिवाळीनंतर जाऊ ना आपण. सवडीनं. मीबी येतो."

चांगल्या मनानेच म्हणत होते. नेहमीसारखी मी मान हलवून उठणार होते. पण उठवेना.

"दिवाळीनंतर भुलाबाई नसते," मी म्हटलं.

आवाज फार मोठा नव्हता. पण आमच्या घरात तो कोणी ऐकला नव्हता. हे घास हातात धरून थांबले.

भाकरी थापता थापता आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ दे इले. झेंडू दरसाल येते. माय येत नाही दरसाल."

"मंग इथलं?"

"मी मेली नाही अजून. अन् तू हायेस ना, दोन हाताचा." परातीवर थाप पडली. "मीबी म्हणत होती दरसाली, पुढल्या साली जाईन मायकडे. इथूनच वाट दिसत होती दर्यापूरची. गेली तर मायचं तोंड कपड्यात होतं. तवापासून माहेराचा रस्ता मोडला. इले ते नको."

त्यांनी हे आधी कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या भाकरीकडे पाहत होत्या. भाकरी करपली होती.

जायच्या दिवशी सकाळी हे मळ्यातून आले ते पिशवी भरून. बोहनी व्हायची होती. मी पिशवीत पाहिलं. टपोरा, दवातला, देठासकट झेंडू आणि वर थोडी शेवंती. उरलेली नव्हती, पहिल्या तोड्याची होती.

"मायच्या भुलाबाईले," हे म्हणाले. "अन् शेवंती तुही. तिथी कोणी पाह्यत नाही. माळजो."

"केस कुठी हायेत माळाले?"

हे बिचारे गडबडले. मग म्हणाले, "मंग कानाशी खोवजो."

*

अकोल्याहून ताई सोबत आली. हिवरखेडला पोचलो तेव्हा माय ओट्यावर बसली होती. किती लहान झाली होती. मला आधी ओळखलंच नाही. मग उठली, आणि डोक्यावरचा माझा पदर मागे सरकवला.

"केस कावून कापले वं?"

ताई तिच्या कानाशी जाऊन ओरडली, "बालाजीले देल्ले माय! नवस होता!"

मायने मला जवळ ओढलं. माझ्या पाठीवरून, खांद्यावरून तिचा हात फिरत आला आणि तिची छाती माझ्या छातीला टेकली. तिचा हात तिथेच थांबला. बराच वेळ. ताईने तोंड फिरवलं.

माय म्हणाली, "बालाजीनं घेतलं थे घेतलं. तुले तर ठेवलं." आणि डोळे पुसून आत ओरडली, "सूनबाई, चहा ठेवजो, माह्या लेकी आल्या."

बस्स. त्यावर पुन्हा कोणी एक शब्द बोललं नाही. वर्षभर लपवलेलं ओझं तिने असं उतरवून घेतलं.

संध्याकाळी पोरी आल्या. कोणी फ्रॉकमधली, कोणी नववारी नेसवलेली. मखराला आमचा झेंडू लावला होता. भुलाबाई आपल्या पहिल्या तोड्यात बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते, सणाच्या दिवशीच. शेवंतीचं एक फूल मी हातात घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि नाकाशी नेलं. मग कानाशी खोवलं. खालांच्या हिरव्या बांगड्या हातात होत्या. गाणी म्हणताना माझा आवाज आधी फाटला, मग लागला.

गाणी संपली. माय आत जाऊन डबा घेऊन आली. तोच, जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा, एका बाजूने चेमटलेला. पदराखाली घेतला. तिला आता डब्याचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून छातीशी धरून हलवते. हादरा कळतो म्हणे.

तिने हलवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मला पहिल्याच हादऱ्याला कळलं. ओला, जड, दबका आवाज. उकडलेल्या शेंगा. शेवटच्या दिवशी मायचा खाऊ दरवर्षी तोच असायचा.

जुन्या सवयीने ताईने कान माझ्या तोंडाजवळ आणला. पोरी ओरडत होत्या, पण मायला काही समजत नव्हतं. "मोठ्यानं बोला वं," ती म्हणाली. "सुमे, तू बोल."

ओळखलं की डबा उघडतो. डबा उघडला की भुलाबाई उठते, पोरी घरी जातात. सकाळी पहिली एसटी होती. पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे, त्यात काय निघेल ते माहीत नाही. माय पुढच्या साली डबा धरेल का, तेही माहीत नाही. मी मायच्या हाताकडे पाहिलं.

आणि मी ओरडले, "चिवडा!"

माझाच आवाज ऐकून मी दचकले. मायला ऐकू गेलं. तिचं बोळकं तोंड हसून फाकलं. "नाही!" म्हणत तिने डबा आणखी जोरात हलवला.

"लाडू!"

"नाही!"

ताईने माझ्याकडे चमकून पाहिलं. मी कधी चुकत नाही, हे तिला पक्कं माहीत. मग डोळे भरून आले तिचे आणि तीही ओरडली, "शंकरपाळे!"

"नाही!"

एक चुणचुणीत पोरगी माझ्या मांडीला टेकून बसली होती. तिने कान टवकारले आणि म्हणाली, "शेंगा तर आहेत..." ताईने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. ती बोटांमधून हसू लागली. "तुमाले काहीच नाही येत, आत्या!"

"नाही येत बाप्पा," मी म्हटलं.

माय हलवत होती. तिला दम लागला होता, तरी हलवत होती, माझ्याच तोंडाकडे पाहत. मी पोटात श्वास भरून घेतला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी, पुन्हा चुकीचं ओरडले.